बसायची परवानगी

इंग्रजी का शिकायचं आहे, या प्रश्नाला एर्मेलिंदाकडे एकच उत्तर होतं, आणि नेमकं तेच फॉर्मवर नव्हतं. तिला बसायचं होतं.

अकरा वर्षं ती चौकात उभी होती. उभी म्हणजे चालती. शहराचा नियमच तसा होता. माल जमिनीवर ठेवला की ते अतिक्रमण, तोच अंगावर वागवत फिरत राहिलं की नुसती चालणारी बाई. म्हणून सान बार्तोलो गावच्या बायका सकाळच्या बसनं यायच्या. डोक्यावर विणलेल्या कापडाच्या घड्या, डाव्या खांद्यावर टेबलावर अंथरायच्या पट्ट्या, उजव्या हातात कोपरापर्यंत दोऱ्याची कडी. अशा अवतारात त्या दिवस कलेपर्यंत कारंज्याभोवती फिरत राहायच्या. बाकावर टेकलं तरी पालिकेचा शिपाई शिट्टी फुंकायचा. बाकांवर पर्यटक बसत आणि कबुतरं बसत. एर्मेलिंदाच्या डाव्या पोटरीवर निळ्या शिरांचं जाळं उठलं होतं, आणि दर पावसाळ्यात ते गुडघ्याच्या दिशेनं बोटभर वर सरकत होतं.

तिला धंद्यात आणलं ते ओदिलियानं, तिच्या थोरल्या जावेनं. पहिल्याच दिवशी ओदिलियानं तिला चौकातलं सगळं इंग्रजी शिकवून टाकलं होतं. हॅलो, व्हेरी चीप, हँडमेड, माय मदर मेड. आणि शेवटी ‘मेबी लेटर’.

"हे आपण म्हणायचं नसतं, लिंदा. हे ते म्हणतात. गोऱ्यांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, दुखतं त्यांना कुठंतरी. म्हणून हसून मेबी लेटर म्हणतात."

"म्हणजे नंतर घेतील?"

"म्हणजे मरेपर्यंत घेणार नाहीत. पण तू ऐकायचं ते नंतर घेतील असंच. ज्या बाईला ते म्हटलं, गिऱ्हाईक तिचं. बाकीच्यांनी तिकडे फिरकायचं नाही. मग ती माणसं जेवून बाहेर आली की जाऊन समोर उभं राहायचं. यू सेड लेटर. नाऊ इज लेटर. निम्मी लाजेनं घेतात."

"आणि उरलेली?"

"उरलेली निर्लज्ज असतात. त्यांच्याशी आपलं काय काम?"

हा चौकातला कायदा होता आणि तो कुणी मोडत नसे. पुढे पुढे त्या शब्दांनी बायकांच्या घरातही शिरकाव केला. नवरा म्हणाला पाय चेप, की मेबी लेटर. सासू म्हणाली मका दळून आण, की मेबी लेटर. संध्याकाळच्या बसमध्ये कुणीतरी ते म्हणायचं आणि गाडीभर हशा उसळायचा. सान बार्तोलोत सगळ्यांना माहीत होतं की याच्याइतकं गोड आणि याच्याइतकं ठाम ‘नाही’ दुसरं नाही.

शिट्टी वाजली की पळायला एक जागा होती. कारंज्यापासून बेचाळीस पावलांवर मिठाईचं दुकान, त्याला लागून भिंतीच्याच निळ्या रंगात रंगवलेलं एक बुटकं दार. माहिती नसेल तर ते दार आहे हे कळायचंही नाही. आत दोन्या चोनिताचं, म्हणजे चोनिताबाईंचं, अंगण होतं. दोन्या चोनिता ऐंशीच्या पुढची, एकटी राहणारी. तिनं कधी कशाचे पैसे घेतले नाहीत. "या, या, कोंबड्यांनो," एवढंच म्हणायची आणि आतून कडी लावायची. अंगणात एक लिंबाचं झाड आणि कपडे धुवायचा लांबलचक दगडी हौद होता. त्या हौदाच्या काठावर बायका बसायच्या. पोरांना पाजायच्या, कमरेच्या फडक्यातली मक्याच्या भाकरीसारखी तोर्तिया सोडून खायच्या. शिपाई चौकातून निघून जाईपर्यंत दहा मिनिटं, फार तर पंधरा. साऱ्या शहरात त्यांना बसायला तेवढीच जागा होती.

मग पालिकेनं इंग्रजीचा वर्ग काढला. बारा आठवडे, मंगळवार-गुरुवार, सकाळी नऊ ते अकरा. जी बाई पुरा करील तिला बिल्ला, आणि बस स्टँडमागच्या नव्या हस्तकला बाजारात एक गाळा. गाळ्यात एक फळी आणि एक स्टूल. दोनपेक्षा जास्त खाडे चालणार नाहीत.

"नऊ ते अकरा म्हणजे ऐन धंद्याची वेळ," ओदिलिया म्हणाली. "ज्यानं ही वेळ काढली त्यानं आयुष्यात एक रुमाल तरी विकलाय का? आणि मला विकता येतं. बोलायला कशाला शिकू?"

"स्टूल आहे, वहिनी."

"स्टूल घरीही आहे."

"घरी कोण बसू देतंय?"

यावर ओदिलियाही हसली. लिंदानं नाव घातलं.

वर्ग शिकवायला राजधानीतून एक मुलगी आली. नाव ग्लेंडी. विद्यापीठात शिकत होती आणि पदवीसाठी याच बायकांवर अभ्यास लिहीत होती. त्यांचं पोट कसं चालतं आणि इंग्रजी शिकायची प्रेरणा त्यांना कुठून मिळते, हा तिचा विषय. बायका तिला लिसेन्सियादा, म्हणजे पदवीधर बाई, म्हणत, तर ती म्हणे, "अजून झाले नाही हो, ग्लेंडीच म्हणा." कुणी म्हटलं नाही. ती मनानं चांगली होती. बायकांची नावं तिनं पहिल्याच आठवड्यात पाठ केली, आणि कुणी मूल घेऊन आली तर शिकवताना ते मूल स्वतःच्या कडेवर घ्यायची.

तिसऱ्या आठवड्यात तिनं फॉर्म काढले. एकेकीला बाजूला बसवून ती वाक्य वाचायची आणि एक ते पाच यांतला आकडा विचारायची.

"‘इंग्रजी बोलणाऱ्या लोकांचं जीवन समजून घ्यायला मला आवडेल.’ एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे फार."

"कुणाचं जीवन?" लिंदानं विचारलं.

"परदेशी लोकांचं."

"ते दिसतंच की आम्हाला. दिवसभर बसलेले असतात."

ग्लेंडी हसली आणि कोपऱ्यात काहीतरी लिहून घेतलं. "तरी किती लावू?"

"तुम्हाला किती हवेत?"

"मला काही नको, दोन्या एर्मेलिंदा. तुमचं खरं उत्तर."

खरं काय ते सांगा, असं गिऱ्हाईक म्हणू लागलं की ते भाव पाडायच्या बेतात असतं. लिंदानं चार सांगितले. पाच म्हटलं तर जास्त वाटतं, तीन म्हणजे आपणच उतरलो. चार बरा. सगळ्या फॉर्मभर तिनं चार लावले.

शेवटी ग्लेंडीनं तिच्यापुढे मोठा कागद आणि रंगीत पेनं ठेवली. "आता तुमचा दिवस काढा. कुठून येता, कुठं फिरता, शिट्टी वाजली की कुठं जाता."

लिंदानं जन्मात चित्र काढलं नव्हतं. पण ती विणायची. कमरेला पट्टा बांधून, मागाचं दुसरं टोक अंगणातल्या खांबाला अडकवून तिनं आयुष्यात इतके दोरे मोजले होते की मोजल्याशिवाय तिला काही करताच येत नसे. तिनं रस्ते ताण्यासारखे उभे घेतले, गल्ल्या बाण्यासारख्या आडव्या. स्टँडापासून चौक, चौकात कारंजं, कारंज्यापासून मिठाईचं दुकान. पावलागणिक एक ठिपका, मोजून बेचाळीस. पुढे दार. दाराच्या आत झाड. झाड काढताना पेन आपोआप मागाच्या सवयीनं चाललं. पायऱ्या-पायऱ्यांचं खोड, दोन्ही बाजूंना सारखी पानं, आणि वर दोन पक्षी, माना मागे वळवलेले.

"किती सुंदर!" ग्लेंडी म्हणाली. "आता एक शेवटचा प्रश्न, इंग्रजीतून. माझे सर परदेशात असतात, ते ही टेप ऐकतील. घाबरू नका." मग सावकाश, एकेक शब्द सुटा करत तिनं विचारलं, "मे आय यूज युअर मॅप?"

लिंदाला प्रश्न कळला. तिनं नकाशाकडे पाहिलं, त्यातल्या निळ्या दाराकडे पाहिलं, आणि चौकातलं हसू आणून म्हणाली, "मेबी लेटर."

"वा!" ग्लेंडीनं टाळी वाजवली. "अगदी खऱ्या गोऱ्या बाईसारखं बोललात!"

तिनं वहीत काय टिपलं ते लिंदाला दिसलं नाही. आपण नाही म्हटलं आणि तिनं ते हसत घेतलं, पोरगी शहाणी आहे, एवढंच तिला वाटलं.

अकराव्या आठवड्यापर्यंत लिंदाचे तीन खाडे झाले होते. तिसरा धाकटीच्या तापाचा. त्या गुरुवारी वर्ग सुटल्यावर ग्लेंडीनं तिला थांबवून घेतलं. टेबलावर हजेरीची वही उघडी होती.

"दोन्या, तीन झाले. पण दवाखान्याची चिठ्ठी आहे ना? मी ती धरते. तेवढ्यासाठी तुमचा बिल्ला जाऊ देणार नाही."

 लिंदानं मान हलवली, दोन्ही हात छातीशी नेले.

"आणि हे," ग्लेंडीनं पिशवीतून नकाशा काढला. तिच्या डोळ्यांत खट्याळपणा होता. अकरा आठवडे बायकांत राहून ती त्यांच्या लकबी शिकली होती, आणि आपण त्या शिकलो हे दाखवायची हौस तिला आवरत नव्हती. "यू सेड लेटर, दोन्या. नाऊ इज लेटर."

अकरा वर्षांत हे वाक्य लिंदानं किती जणांच्या तोंडावर फेकलं असेल. ते आपल्या अंगावर आलं तर कसं लागतं ते तिला ठाऊक नव्हतं. मागे भिंत असल्यासारखं वाटलं.

"कशासाठी हवाय?"

"बिल्ले वाटायच्या दिवशी पालिकेच्या लोकांना दाखवायचाय. त्यांना कळू दे, तुम्हा लोकांना साधं बसायलाही मिळत नाही ते."

"माझं नाव येईल?"

"छे! नाव कुठंच नाही. तुम्ही ‘सात नंबर’. नाव गुप्त ठेवणं हा आमचा नियमच आहे."

पुस्तकाच्या तिसऱ्याच पानावर ‘नो, थँक यू’ होतं. वर्गात ते सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हटलंही होतं. पण समोर माणूस उभं असताना, हजेरीची वही उघडी असताना आणि त्या वहीत स्टूल असताना ते कसं म्हणायचं, हे तिसऱ्या पानावर नव्हतं. नाव येणार नाही ना, मग झालं, असं लिंदानं मनाला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली.

बिल्ल्यांच्या दिवशी पालिकेच्या सभागृहात पानात उकडलेले तमालेस आणि कॉफी होती. बायकांना आपापली माणसं आणायला सांगितलं होतं. ओदिलिया आली, तीही सणाचा उईपिल घालून. या यात्रेपासून त्या यात्रेपर्यंत विणलेला तो ब्लाउज घरातल्या लग्नाखेरीज ती बाहेर काढत नसे. सोबत चौकातल्या दहा-बारा जणी होत्या.

"बघू दे तरी, स्टूल मिळवणारी बाई कशी दिसते," ती लिंदाच्या खांद्यावरची शाल नीट करत म्हणाली. "बसल्यावर आम्हाला ओळख दे म्हणजे झालं."

दिवे मंद झाले. ग्लेंडीनं भिंतीवर आकडे दाखवले, रंगीत खांब दाखवले. पालिकेचा एक सभासद, बाजारखातं त्याच्याकडे होतं, घड्याळ बघत होता. मग भिंतीवर नकाशा आला, माणसाच्या दुप्पट उंचीचा.

"सहभागी क्रमांक सातनं काढलेला हा दिवस," ग्लेंडी म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "पाहा, या बाईला दिवसाचे दहा तास पायांवर काढावे लागतात. ती फक्त इथं बसते. या झाडाखाली. तेही लपून."

सभासदानं घड्याळावरची नजर उचलली. "हे झाड कुठं आहे?"

"ते मला सांगता येणार नाही, साहेब. नियम आहे."

"नका सांगू," तो म्हणाला आणि त्याचे ओठ हलू लागले. तो ठिपके मोजत होता.

लिंदानं भिंतीकडे पाहिलंच नाही. ती ओदिलियाकडे पाहत होती. ओदिलिया झाडाकडे पाहत होती, झाडावरच्या पक्ष्यांकडे. सान बार्तोलोत पक्षी सगळ्याच विणतात, समोर बघणारे. माना वळवलेले पक्षी एकाच घरात विणले जातात. लिंदाच्या आईचे होते तसे, आणि आईनंतर फक्त लिंदाचे. एकेक करत बाकीच्या बायकांचीही नजर पक्ष्यांवरून निघाली आणि रांगेतून सरकत लिंदावर येऊन थांबली. 

"आणि आता आपल्या सर्वांत मेहनती विद्यार्थिनी," ग्लेंडी म्हणत होती, "इंग्रजीतून दोन शब्द बोलतील."

लिंदा उठली. पाठ केलेलं तोंडातून आपोआप बाहेर पडलं. "माय नेम इज एर्मेलिंदा. आय अ‍ॅम व्हेरी हॅपी."

पालिकेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या शनिवारी चौकात शिट्टी वाजली ती नेहमीसारखी नाही. आधी तीन शिपाई निळ्या दारापाशी जाऊन उभे राहिले, आणि मग चौकाच्या पलीकडच्या टोकाला चौथ्यानं शिट्टी फुंकली. बायका धावत धावत त्यांच्याच हातांत गेल्या. सात जणींची गाठोडी गेली. ओदिलियाचंही गेलं, आणि त्यात तो सणाचा उईपिल होता. एका परदेशी बाईला दाखवायला तिनं तो आणला होता. दोन्या चोनिताला नोटीस आली. राजधानीतून तिचा पुतण्या आला आणि एका दुपारीत दार विटांनी बुजवून गेला.

लिंदा तेव्हा तिच्या गाळ्यात होती. तिला हे संध्याकाळच्या बसमध्ये कळलं. कुणी तिला सांगितलं नाही, त्या एकमेकींशी बोलत होत्या. गाडी खच्चून भरलेली होती, तरी तिच्या शेजारची जागा सान बार्तोलोपर्यंत रिकामी राहिली.

ती तशीच ओदिलियाच्या घरी गेली. ओदिलिया तव्यावर तोर्तिया टाकत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"वहिनी, तिनं नाव घातलं नाही. मला म्हणाली होती, नाव नसेल."

"नाव नाही घातलंस. पक्षी घातलेस."

"मी नाही म्हटलं होतं तिला. पहिल्यांदा विचारलं तेव्हा."

"काय म्हणालीस?"

लिंदा घुटमळली. "मेबी लेटर."

ओदिलिया हसली. खरं हसली, एकदाच, आणि हसू तिथंच संपलं. "तिला ते कसं कळावं? ती कधी विकायला उभी राहिली होती का?" तिनं तोर्तिया उलटली. "आणि दुसऱ्यांदा?"

लिंदाचा हात बिल्ल्यावर गेला.

"हां," ओदिलिया म्हणाली. "जा, धाकटी वाट बघत असेल."

बाजार पत्र्याचा होता. समोरून बसेस जायच्या आणि त्यांचा धूर कापडावर बसायचा. पर्यटक यायचे ते शौचालय शोधत. बिल्ल्यामागे नियम छापलेले होते. आठ ते सहा गाळा उघडा हवा. गाळा सोडून गेलेली दिसली तर ताकीद. माल घेऊन चौकात दिसली तर बिल्ला जप्त. लिंदा स्टुलावर बसून असायची. पहिले काही दिवस पाय हलके वाटले. मग ते घोट्यापाशी सुजायला लागले. बसूनही पाय सुजतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

महिन्यानं ग्लेंडी आली. हातात तोच फॉर्म होता. अभ्यासात तो दोनदा भरून घ्यावा लागतो, आधी आणि नंतर. ती खंगल्यासारखी दिसत होती. गाळ्यापुढे उभी राहून तिनं पेन काढलं, परत आत ठेवलं.

"मला ठाऊक नव्हतं, दोन्या. नाव काढून टाकलं की झालं, असं आम्हाला शिकवतात."

"हो."

"हे... हे भराल का? नाही भरलं तरी चालेल."

पेन परत आत गेलं होतं, हजेरीची वही नव्हती. आता देण्यासारखं किंवा काढून घेण्यासारखं या मुलीकडे काहीच उरलं नव्हतं. "नो, थँक यू," लिंदा म्हणाली. उच्चार चांगला झाला. ग्लेंडीनं मान खाली घातली, आणि तिला ते बरोबर कळलं.

सान बार्तोलोच्या बायका रोज सकाळी बाजारावरूनच चौकाकडे जायच्या. रोज त्यांच्या माना पलीकडे वळायच्या. एके दिवशी लिंदा गाळ्याच्या उंबऱ्यापर्यंत आली. त्यापुढे जायचं म्हणजे गाळा सोडणं.

"वहिनी!"

ओदिलिया थांबली. बाकीच्या पुढे गेल्या. तिच्या खांद्यावर उसनवारीचा माल होता, दुसऱ्या कुणाच्या हातचा.

"इथं ठेवत जा ना गाठोडं. दुपारी जेवायला या सगळ्या. फळी मोठी आहे. मी दुसरं स्टूल आणते घरून." तिनं मागच्या स्टुलाकडे हात केला. "बसायला आहे, वहिनी."

ओदिलियानं गाळा पाहिला, स्टूल पाहिलं, लिंदाचे सुजलेले पाय पाहिले. मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. लिंदाला ते चांगलं ओळखीचं होतं, तिनं ते ओदिलियाकडूनच उचललं होतं.

"मेबी लेटर," ती म्हणाली, आणि चालू लागली.

चौकाचा कायदा असा की ज्या बाईला हे शब्द ऐकवले, तिला एकदा समोर जाऊन उभं राहायचा हक्क असतो. लिंदानं ओदिलिया कोपऱ्यावर वळेपर्यंत तिची पावलं मोजली. मग ती आत आली आणि स्टुलावर बसली. सहा वाजायला अजून नऊ तास होते.